पंख्याची घरघर आणि बाबांचा रिपोर्ट

प्रश्न : नमस्कार मॅडम, बाबा 68 वर्षांचे आहेत. आमच्या कुर्ल्याच्या सोसायटीत हॉलमध्ये कान तपासणीचा कॅम्प होता, हॉल रेल्वेलाईनला लागून, वर पंखे फुल स्पीडला आणि दारात रांगेतल्यांच्या गप्पा. रिपोर्टमध्ये 250 आणि 500 हर्ट्झला 45 डेसिबल, 2000 ला 25 आणि 4000 ला 35 आलंय. लगेच कानाचं मशीन घ्या म्हणतात. घ्यावं का?

उत्तर : ताई, एवढ्यात पैसे भरू नका. आकडे लिहून पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण गोम त्यातच आहे. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आकडा लहान तेवढा आवाज खर्जातला; आणि डेसिबल म्हणजे किती मोठा आवाज केल्यावर ऐकू आला ते, आकडा मोठा तेवढं ऐकू कमी. वयामुळे ऐकू कमी यायला लागतं तेव्हा आधी बारीक, चिरके आवाज जातात, म्हणजे 4000, 8000 कडचे, आणि बाबांचे तर खर्जातलेच जास्त गेलेले दिसतायत. पंख्याची घरघर, लोकलची धडधड हे पण खर्जातलंच ना, मग टेस्टमधली 250 ची ती हलकीशी घूं त्यात बुडून जाते, बाबा बटण दाबत नाहीत आणि कागदावर 45 लागतात. टेस्टचा साधा हेडफोन बाहेरचा खर्ज फारसा अडवत नाही, टेस्टचा आवाज ज्यांतून थेट कानात येतो ते फोमचे बोळे त्यापेक्षा खूप बरे.

पण कानात मळ किंवा पडद्यामागे पाणी असलं तरी खर्ज असाच पडतो, म्हणून आधी ईएनटीला कान दाखवा. मग साउंडप्रूफ केबिनमध्येच टेस्ट परत करा, वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे तिथे विचारा. खरी केबिन ओळखायची तर दार बघा, जाड असतं, कडेला रबर असतं आणि लावलं की कान दडपल्यासारखे होतात. भिंतीला नुसता फोम किंवा अंड्याचे ट्रे चिकटवलेले असतील तर त्याने खोली घुमायची थांबते, बाहेरचा हॉर्न आत येतोच. कानामागे हाडावर कंप देणारं छोटं यंत्र लावून करतात ती टेस्ट तर अजून नाजूक, कारण तेव्हा कान उघडाच असतो.

बाबांना हलवणं जमत नसेल आणि घरीच करावी लागली तर पंखा, एसी, फ्रिज बंद, खिडक्या बंद, आणि ट्रेन आली की ती जाईपर्यंत थांबायला सांगा, प्लीज संकोच करू नका. आणि चांगलं ऐकू येणाऱ्या कुणाला तरी आधी त्याच खुर्चीत बसवा, त्यालाच 250 चा आवाज 20-25 डेसिबलला कळत नसेल तर त्या खोलीत बाबांची टेस्ट करूच नका. आदल्या दिवशी ढोलताशाजवळ नेऊ नका, कान तात्पुरता बधिर होतो.