हेडसेट घालून, मराठीत बोलून रोबोट चालवता येईल का?

प्रश्न: सर, मी पॉलिटेक्निकला आहे. आपल्याकडं अजूनबी माणसं चेंबरमधे उतरायलीत आणि गॅसनं मरायलीत. व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा थ्रीडी स्क्रीन) घालून, मराठीत सांगून वरूनच रोबोटकडून हे काम होईल का? जॉयस्टिकनं काय अडतं?
– एक वाचक, जालना

उत्तर: होईल, आणि ह्या कामासाठी तर व्हायलाच पाहिजे. मॅनहोल साफ करणारा बॅन्डिकूट रोबोट केरळमधे 2018 पासूनच आहे, माणूस वर थांबून स्क्रीनवर बघत तो चालवतो.

साध्या कामाला जॉयस्टिक पुरते. पण नासाच्या वाल्करीसारख्या माणसाच्या आकाराच्या रोबोटला 44 स्वतंत्र हालचाली असतात, तिथं एकेक सांधा हलवत बसलं तर दिवस जाईल. हेडसेटमधे तू फक्त तुझा हात हलवायचा, कोपर-खांद्याचं गणित कॉम्प्युटर करतो, आणि वस्तू किती लांब आहे ते दोन्ही डोळ्यांनी कळतं.

खरी अडचण उशिराची, म्हंजे आपण हलवल्यापासून ते चित्रात दिसेपर्यंत जाणाऱ्या वेळेची. 7 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमधून डॉ. जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या पेशंटचं पित्ताशय रोबोटनं काढलं, तेव्हा उशीर होता साधारण 155 मिलिसेकंद, तोही खास फायबर लाइनवर. हेडसेटमधे मात्र मान वळवली की 20 मिलिसेकंदाच्या आसपास चित्र वळायलाच लागतं, नाहीतर मळमळतं. म्हणून रोबोटच्या कॅमेऱ्यावरून आसपासचं थ्रीडी मॉडेल आपल्याच कॉम्प्युटरवर बनवतात अन् आपण त्यात मान फिरवतो, मग नेट थोडं अडखळलं तरी चालतं.

बोलण्याचा उपयोग इथंच. "ती वीट काढून कडंला ठेव" एवढंच सांगायचं, बारीक हालचाली रोबोटनं तिथल्या तिथं ठरवायच्या. आता "ती" म्हंजे कोणती, हे त्याला कसं कळणार? म्हणून बोलता बोलता हातातल्या कंट्रोलरचा, हेडसेटमधे दिसणारा किरण त्या विटेवर धरायचा. मग खरा रोबोट हलायच्या आधी त्याची पारदर्शक आकृती हेडसेटमधे ते काम करून दाखवते, बरोबर वाटलं तरच "हं, कर" म्हणायचं. ही पायरी वगळलेली मला अजिबात चालणार नाही, आपल्या बोलीतलं "सरकीव" मशीननं काय ऐकलं याचा काय नेम! आणि थांबवायचं बटण हाताशीच पाहिजे, शेजारी पंप चालू असला तर तुझा आवाज ऐकूच जाणार नाही.

प्रोजेक्ट करायचाच असेल तर आरओएस (रोबोट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि गझिबो (कॉम्प्युटरवरच नकली रोबोट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत, हेडसेट नसला तरी त्यात रोबोटचा एक हात तयार कर, वस्तू उचलून ठेवणं जमव, मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा उशीर घालून बघ. बोलायचं काम सगळ्यात शेवटी जोड.