चित्रंच पाहतो, वाचत नाही

तालुक्याला बाजार भरतो त्या दिवशी मी तिथे एका खोलीत बसते. बाजाराचा दिवस मुद्दाम धरला. एसटीत बायांना अर्धं तिकीट असलं, तरी समुपदेशनासाठी म्हणून गावावरून कोणी येत नाही. भाजी, तेल, पोरांच्या चपला घेऊन झाल्या की 'जाता जाता म्याडमले भेटून घेऊ' असं होतं. यवतमाळ जिल्ह्यातला हा कापसाचा पट्टा. आयांच्या तोंडून इथे एक तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकते. ज्या घरातून ती सगळ्यांत नेमकी आली, त्या घराची ही गोष्ट, अर्थात ओळखीच्या खुणा बदलून. मुलाला आपण गोलू म्हणू.

दिवाळीच्या तोंडावर गोलूची आई आली. टेबलावर तिने पिशवी उपडी केली. चार पुस्तकं. एक हजार एक सामान्यज्ञानाचे प्रश्न, थोर पुरुषांची चरित्रं, बोधकथा आणि एक इंग्रजीचं. पहिल्या वेचणीचा कापूस विकला तेव्हा बसस्टँडवरून घेतलेली. तीनशे चाळीस रुपये, म्हणजे तिची जवळपास दीड दिवसाची मजुरी.

"म्याडम, हा वाचतच नाई. पुस्तक हाती देल्लं का चित्रं पाह्यते अन् ठेवून देते. तिसरीत गेला ना आता. मंग चित्राचे पुस्तकं बंद करू का याचे? लहान लेकरायचे असतेत ना ते."

गोलू खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होता. आधी नेहमीचं विचारून घेतलं. फळ्यावरचं दिसतं का, डोळे तपासलेत का, अक्षरं ओळखतो का. डोळे शाळेत तपासले होते, ठीक होते. अक्षरं येत होती. जोडाक्षर आलं की थांबायचा, पण थांबून का होईना वाचायचा. अक्षरांची सतत उलटापालट होते, महिन्यांमागून महिने काहीच पुढे सरकत नाही, अशी मुलं वेगळी. त्यांना मी पुस्तक देत बसत नाही, तपासणीला पाठवते. गोलूचं तसं नव्हतं.

मग माझी पुस्तकांची पेटी उघडून त्याच्यासमोर ठेवली. यातलं कोणतंही घे म्हटलं. त्याने कमी मजकुराचं, मोठ्या चित्रांचं एक उचललं. आईने माझ्याकडे पाहिलं, 'पाह्यलं ना?' अशा नजरेने. गोलू एका पानावर थांबला तो थांबलाच. शेतातून घरी येणारी बैलबंडी होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली. आई उसासे टाकायला लागली.

"काय पाहतोस रे?"

"याच्या जुवाले शिवळाच नाई," तो म्हणाला. "बैल निसटतीन ना."

मी पान जवळ घेतलं. खरंच, चित्रकाराने जू काढलं होतं, पण बैलाची मान अडकवून ठेवणाऱ्या त्या खुंट्या काढायच्या राहून गेल्या होत्या. ते पुस्तक माझ्याकडे चार वर्षं होतं. माझ्या कधी लक्षात आलं नाही, चित्र काढणाऱ्याच्या नाही आणि छापणाऱ्याच्याही नाही. आई हसली. म्हणाली, "याच्या बापानंही पयले थेच पाह्यलं असतं."

तिला मी एवढंच म्हटलं, की याला वाचणं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पान पाहायचं, त्यातलं आपल्याला माहीत असलेल्याशी ताडून बघायचं आणि न पटलेलं बोलून दाखवायचं. धडा वाचताना आपल्याला मुलांकडून हेच हवं असतं. चित्रांच्या पुस्तकातली भाषाही वाटते तितकी बाळबोध नसते. पुष्कळदा ती मोठ्याने वाचून दाखवायला लिहिलेली असते, त्यामुळे तिसरीच्या मुलाने स्वतः वाचायच्या मजकुराहून अवघड शब्द तिच्यात येतात. शिवाय घरात अंगठा उठवणारी आजी असेल तर तिलाही हे पुस्तक हाताळता येतं. चित्र पाहून ती आपल्या बोलीत गोष्ट सांगते. वऱ्हाडीत ऐकलेली गोष्ट मग छापील मराठीत भेटली की मुलाला अर्धं ओळखीचं वाटतं. आमच्याकडे कोलाम आणि गोंड घरांतली मुलं येतात. त्यांना तर पुस्तकाची मराठी आणखी एक पायरी लांबची, चित्राशिवाय ती पायरी चढणार कशी?

इथवर सगळं बरोबर झालं. पुढची चूक माझी. आमच्या धंद्याला एक खोड आहे, पुस्तक औषधासारखं लिहून देण्याची. मुलगा गप्प गप्प आहे असं आईच्या बोलण्यात आलं होतं, म्हणून मी त्याला भावनांबद्दलचं एक सुरेख पुस्तक दिलं. भीती वाटणाऱ्या मुलीची गोष्ट, सौम्य रंग. पुढच्या बाजाराला ते परत आलं.

"कसं होतं?"

"पाह्यलं."

बस्स. पानंही नवीकोरी. मी नाराज झाले, हे कबूल करायला हवं. मग त्यालाच विचारलं, तुला कशाबद्दल माहिती पाहिजे? पाय हलायचे थांबले.

"कोणता साप चावला का मरते मानूस?"

आई दचकली. हळूहळू बाहेर आलं. त्यांच्याकडे शेताची लाइन, म्हणजे पंपाची वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाप कपाशीला ओलीत करायला जातो, पऱ्हाटीतून, हातात मोबाइलचा उजेड. गेल्या महिन्यात गावात एकाला चावला होता. रात्री बाप घरी येईपर्यंत पोरगं जागं राहायचं आणि शाळेत पेंगायचं. सरांनी डायरीत 'लक्ष नसते' एवढंच लिहिलं होतं.

आई म्हणाली, "मंग सापाचं पुस्तक देऊन अजून भेईन ना थो." रास्त शंका. माझा अनुभव उलटा आहे. नाव-गाव नसलेल्या भीतीपेक्षा नाव असलेली भीती मुलाला सोपी जाते. पण हे कोणत्याही पुस्तकाने होत नाही, म्हणून ते मी आधी स्वतः वाचून काढलं.

सापांची दोन पुस्तकं मिळाली. एक चकचकीत. त्यात अॅनाकोंडा होता, माणूस गिळणारा अजगर होता, नागमणी होता, दूध पिणारा नाग होता आणि दोन पानभर किंग कोब्रा, जो विदर्भात सापडतच नाही. मण्यारचं नावही नाही. मधल्या पानावर साप चावून कुजलेल्या पायाचा फोटो. ते मी कपाटात वर टाकलं. साप दूध पिऊन जगत नाहीत. आजीला ते सांगायला मी जाणार नाही, पण पोराच्या हातात माहिती म्हणून दिलेल्या पुस्तकात तरी खरं हवं. गोष्टीत कोल्हा बोलला तर चालतं. माहितीच्या पुस्तकाने माहितीत फेकू नये.

दुसरं साधं, पातळ, फोटोंचं. महाराष्ट्रात माणसाला सर्वांत जास्त धोका असलेले चार साप, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, सुरुवातीलाच. मग प्रत्येक साप कुठे राहतो, काय खातो, दिवसा फिरतो की रात्री. धामण बिनविषारी, उंदीर खाते, हे वेगळ्या पानावर. शेवटी चावल्यावर काय करायचं: कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हालचाल कमी ठेवून थेट दवाखान्यात न्यायचं, प्रतिविष तिथेच मिळतं. एका पानावर चार-पाच ओळी, अक्षर मोठं, फोटोखाली नाव.

पुस्तक झेपेल का, हे पाहायला मी जुनीच युक्ती वापरते. मधलं कोणतंही पान मोठ्याने वाचायला लावायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायचं नाही, आपण वाचून दाखवायचं. गोलूची मूठ दुसऱ्याच वाक्यात झाली. पण पुस्तक सोडायला तो तयार नव्हता. हे युक्तीत बसत नाही. मुलाला एखाद्या गोष्टीची तहान असेल तर तो आपल्या पातळीच्या वरचंही ओढून नेतो, मग मोजत बसू नये. माझ्यासमोर त्याने 'म-ण्-यार रा-त्री बा-हेर प-ड-तो' हे वाक्य तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा न थांबता.

आईला घरी वाचून दाखवायला सांगितलं तर ती संकोचली. सातवी शिकलेली, पण "मले नाई जमत तसं, अटकते मी." म्हटलं, अटका. आई अटकून पुढे जाते हे त्याने पाहिलं तर बरंच.

तिच्या पिशवीतल्या चार पुस्तकांचं काय केलं तेही सांगते. चरित्रांचं पुस्तक पाचवीपर्यंत ठेवून द्या म्हटलं. बोधकथांवर माझा राग आहे. चौकटीत तात्पर्य छापलं की पोरं गोष्ट सोडून चौकट पाठ करतात. इंग्रजीचं ठीक. सामान्यज्ञानाचं उघडलं तर त्यात नऊ ग्रह होते. प्लुटोला 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं. 'भारतात चित्ता उरलेला नाही' असंही होतं. तो 2022 मध्ये नामिबियाहून कुनोला आणला. म्हणून माहितीचं पुस्तक घेताना छपाईचं साल आधी बघा, आणि ग्रहांचं पान सापडलं तर तेही. स्टँडवर उभ्याउभ्या दोन मिनिटांत होतं.

तीनशे चाळीस रुपये दर वेळी कोणाकडे असतात? तिला सांगितलेल्या जागा अशा. शाळेच्या कपाटात बहुतेक वेळा पुस्तकं असतात, किल्ली मागायची लाज वाटू देऊ नका. जवळच्या गावात सगळ्यांत खालच्या, 'ड' वर्गाचं का होईना वाचनालय असेल तर बालविभाग विचारा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, रद्दीत मिळालेला जुना अंकही चालतो. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीतली चित्रपुस्तकं फोनवर फुकट आहेत. आमच्याकडच्या पोरांना हिंदी कळते, त्यामुळे भोपाळच्या एकलव्य संस्थेची हिंदी पुस्तकंही चालतात. एखादं आवडलं तर झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्या. काळं-पांढरं आलं तर पोरगं रंगवेल.

तीन बाजारांनंतर गोलू आला. पुस्तकाचे कोपरे दुमडलेले, घोणसच्या फोटोशेजारी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. आईचा चेहरा पडला, "खराब केलं जी यानं, मी खोडून देतो." मी खोडू दिलं नाही. त्या सापाला त्यांच्या घरात वेगळंच नाव आहे, आजोबांनी सांगितलेलं. ते त्याने लिहून ठेवलं होतं, वेलांटी चुकलेली. पुस्तकात जी माहिती नव्हती ती त्याने भरली होती.

रात्री तो झोपतो का, हे मी विचारायच्या आत आईच बोलली. बापाला त्याने पुस्तक दाखवलं होतं. बापाने गमबूट आणले, मोठी बॅटरी आणली. आता ओलिताला जाताना काठी आपटत जातो, कारण 'पोट्टं रोज इचारते'. गोलू अजूनही कधीकधी जागा राहतो. वाचनही अजून तिसरीचं झालेलं नाही, दुसरीच्या आसपास आहे. पण सरांच्या डायरीतला शेरा बदलला आहे.

जाताना पेटीत बराच वेळ हात घालून बसला. शेवटी रिकाम्या हाताने उठला.

"काय पाहिजे होतं?"

"लाइन रातचीच काऊन देतेत, त्याचं पुस्तक हाये का?"

तिसरीच्या मुलाला वाचता येईल असं, या विषयावरचं एकही पुस्तक माझ्या पेटीत नाही.