चुलतभावाशी सामाईक विहिरीच्या पाळीवरून वाद आहे (यावल तालुका). कोर्टाशिवाय मिटेल का?

मिटू शकतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्या. दावा लावलेला नसला तरी चालतो, फी नाही. भावाला नोटीस जाते. पण तो आलाच नाही तर जबरदस्ती करता येत नाही, हे धरून चला.

आमचंही भांडण विहिरीचंच. मध्यस्थांनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं, तेव्हा कळलं की काकांचा राग केळीच्या पाण्यावर नव्हताच, मोटारीच्या लाइट बिलावर होता! आठ वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. तडजोडीत वार, तास, बिलाचा वाटा, मोटार जळाली तर खर्च कोणाचा, सगळं लिहून घ्या. ‘समजुतीने घेऊ’ असं मोघम नको. मे महिन्यात विहिरीआधी समजूत आटते.

ही तडजोड लोकअदालतीत झाली, तर तिथला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरतात आणि त्यावर अपील नाही. म्हणून सहीआधी सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद तपासा.

लवादाच्या, म्हणजे दोघांनी नेमलेल्या खाजगी पंचाकडून निकाल घेण्याच्या, भानगडीत पडू नका. त्याला लेखी करार लागतो, खर्चही येतो. ते व्यापाऱ्यांना परवडतं.