वस्तुमान, वजन आणि तोलणे

एका प्राथमिक शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: गणिताच्या पुस्तकात मापनाच्या पाठात ‘वस्तुमान’ हा शब्द येतो, मुले मात्र घरी आणि बाजारात ऐकलेला ‘वजन’ हाच शब्द वापरतात, तर ‘बटाट्यांचे वजन २ किलो’ असे लिहिणाऱ्या मुलाचे उत्तर चूक धरावे काय?

माझ्या मते धरू नये. भौतिकशास्त्रात वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते ते बल, आणि त्याचे एकक न्यूटन. १ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचे वजन पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन असते, चंद्रावर त्याच्या साधारण एकषष्ठांश, वस्तुमान मात्र दोन्हीकडे तेच राहते. हा भेद खरा असला तरी बलाची कल्पना आल्याखेरीज तो कळत नाही, आणि तोवर मुलाकडून नुसता शब्द बदलून घेतल्याने त्याच्या समजेत काहीच भर पडत नाही.

त्याऐवजी ‘तोलणे’ या क्रियापदावर भर द्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन पारड्यांच्या तराजूत आपण वस्तूची मापाशी तुलना करतो, आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखेच असल्याने जी मापे येथे दांडी समतोल करतात तीच चंद्रावरही करतील. म्हणजे तराजू वस्तुमानच सांगतो, वजन दाखवतो तो स्प्रिंगचा ताणकाटा. किलोग्रॅमची व्याख्याही मे २०१९ पर्यंत फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावर आधारलेली होती, म्हणजे मुळाशी तुलनाच होती.

या तुलनेतील बारकावे सांगणारे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. रिकाम्या पारड्यांतील फरक भरून काढण्यासाठी हलक्या बाजूला जो लहानसा भार बांधतात तो पासंग; आणि तेल किंवा तूप तोलण्याआधी रिकाम्या भांड्याच्या भाराइतके खडे दुसऱ्या पारड्यात टाकणे म्हणजे धडा करणे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे काम एका बटणात उरकते, त्यामुळे आपण काय वजा केले हे मुलांना दिसत नाही. वर्गात एकदा तरी खड्यांनी धडा करून दाखवावा.

‘वस्तुमान’ शब्दाची ओळख ‘तापमान’, ‘पर्जन्यमान’ यांच्या जोडीने करून द्यावी, कारण ‘मान’ म्हणजे प्रमाण हे तेथे मुलांना सहज उमगते. मात्र ‘वस्तू’वरून आकार मोठा तर वस्तुमान जास्त, असा समज होऊ शकतो, तो घालवण्यासाठी थर्माकोलचा मोठा ठोकळा आणि लोखंडी नट समोरासमोरच्या पारड्यांत ठेवणे पुरेसे आहे. (सुटा शब्द ‘वस्तू’ दीर्घ, समासात ‘वस्तुमान’ ऱ्हस्व, हेही फळ्यावर लिहिताना पाळावे.)

तोंडी प्रश्न विचारताना आपल्याकडे आणखी एक सोय आहे. बाजारात ‘बटाटे दोन किलो भरले’ असे आपण म्हणतोच; तेव्हा ‘हे किती भरते?’ असे विचारावे, म्हणजे दोन्ही नामे टळतात आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही वाक्यात काही चुकत नाही.