साडेतीन लिटरच्या केसमध्ये वायर कुठून जाणार?

छोट्या संगणकाच्या केसचा तुमचा आराखडा थोडक्यात असा: मिनी-आयटीएक्स (१७० मिमी चौरस) बोर्ड, रायझन ५ ८६००जी प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड नाही, बोर्डाच्या पुढे आडवा ठेवलेला फ्लेक्स एटीएक्स पॉवर सप्लाय, बाहेरून १८५ × २६५ × ७१ मिमी, २ मिमी ॲल्युमिनियम, मेन्सचं (भिंतीतल्या विजेचं) सॉकेट मागच्या बाजूला आणि काम भोसरीतल्या फॅब्रिकेटरकडे (पत्राकाम करणाऱ्याकडे). डबा भरतो ३.४८ लिटरचा. कल्पना चांगली आहे, पण ड्रॉइंग कटिंगला देण्याआधी दोन आकडे बदलावे लागतील: १८५ आणि २.

१८५ मध्ये मेन्सची वायर बसत नाही. फ्लेक्स सप्लाय १५० × ८१.५ × ४०.५ मिमी असतो. त्याच्या एका टोकाला मेन्सची पिन, दुसऱ्या टोकाला केबलचा जुडगा. तुमच्या पत्र्याची जाडी वजा केली की आतली रुंदी १८१, म्हणजे दोन्ही टोकांना मिळून ३१ मिमी. केबलचा जुडगा वळायलाच २५ लागतात. मागच्या भिंतीवर बोर्ड १७० खातो, उरतात ११, आणि पॅनेलवर बसणारं सॉकेट उभं लावलं तरी त्याला साधारण २४ मिमी रुंदी हवी. बाहेरची रुंदी २०५ करा. सॉकेट उभं बसतं, सप्लायच्या एका बाजूला केबलला २५ आणि दुसऱ्या बाजूला काटकोनी पिनला २७ मिमी मिळतात. डबा ३.८६ लिटरचा होईल. ही वाढ वाचवण्याच्या नादात मेन्सची वायर पत्र्याच्या धारेवर दाबून बसवू नका. सॉकेटपासून सप्लायपर्यंत तयार काटकोनी पिनची केबल घ्या, आत जोड किंवा सोल्डरचा डाग नको.

खोली २६५ पुरते. सप्लायच्या डोक्यावर २७ मिमी मोकळे आहेत, बोर्डाला वीज देणारी २४ पिनची जास्तीची केबल तिथे सपाट पसरते. बोर्डावर तिचा कनेक्टर कुठे आहे हे मात्र खऱ्या बोर्डावर बघा, फोटोवरून ठरवू नका.

उंचीचा हिशोब तुम्ही कूलरची ४७ मिमी धरून केलाय (थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७), पण ती उंची प्रोसेसरच्या माथ्यापासून असते. खालून वर मोजा: स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारा छोटा खांब) ६.३५, बोर्ड १.५७, प्रोसेसर आणि त्याचं सॉकेट मिळून सुमारे ८, कूलर ४७. झाले ६३. वर किमान ५ मिमी हवा ठेवा, म्हणजे आतून ६८. पंखा जाळीला चिकटला की हवा तर कमी येतेच, शिवाय जाळीच्या भोकांवरून खेचताना घोंघाट होतो आणि तो पंख्याचा वेग कमी करूनही पूर्ण जात नाही.

आता पत्रा. २ मिमी पत्र्यात सुटी आय/ओ शील्ड (बोर्डाच्या मागच्या पोर्टभोवती बसणारी पातळ पट्टी) बसत नाही. एटीएक्स या बोर्ड आणि केसच्या मानकातल्या मोजमापात मागच्या पत्र्याची जाडी ०.९४ ते १.३२ मिमी धरलेली आहे, शील्डच्या जिभा तेवढ्यालाच पकडतात. (बोर्डालाच जोडलेली शील्ड असेल तर ही अट नाही.) १.२ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा पत्रा), म्हणजे १८ गेज घ्या. केसला ताठपणा जाडीतून कमी आणि बेंडमधून जास्त येतो, चारही कडा वळवलेला १.२ चा पत्रा पुरेसा टणक असतो. इथे एक बारीक जागा आहे: पावडर कोटिंग एका बाजूला ६०–८० मायक्रॉन चढतं, दोन्ही बाजूंनी मिळून १.२ चा पत्रा १.३४ होतो आणि शील्ड पुन्हा अडते. आय/ओच्या १५८.७५ × ४४.४५ मिमी खिडकीभोवती अडीच मिमी पट्टा कोटिंगवाल्याला मास्क करायला, म्हणजे झाकून कोरा ठेवायला सांगा. त्या पट्ट्यात बेंड, स्क्रू, रिव्हेट काहीही नको.

बोर्डाची चार भोकं आयत बनवत नाहीत, आणि ड्रॉइंग इथेच सर्वात जास्त चुकतं. रुंदीत अंतर १५७.४८. लांबीत एका बाजूला १५४.९४, पण दुसऱ्या बाजूचं मागचं भोक २२.८६ मिमी आत आहे, म्हणून तिथे १३२.०८. मोजमाप मागच्या भिंतीपासून धरा, पुढच्या कडेपासून नाही. पुढून मोजलं तर बेंडमधली चूक थेट पोर्टच्या खिडकीवर येते. दुकानात मिळणारा पितळी स्टँडऑफ ६-३२ मापाच्या आट्याचा असतो. १.२ च्या पत्र्यात त्याचा जेमतेम दीड आटा बसेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आटे जातील. ३.७ चं भोक पाडून खालून नट लावा. त्या ढिलाईत बोर्ड खिडकीसमोर नीट सरकवताही येतो. ६.३५ ऐवजी ८ चा स्पेसर मिळाला म्हणून लावाल, तर खिडकीही १.६५ मिमी वर घ्यावी लागेल.

बेंडसाठी फॅब्रिकेटरला विचारायचा एकच प्रश्न: या पत्र्याला तुमच्या डायवर आतली त्रिज्या किती येते? १.२ जाडी, १.५ त्रिज्या आणि के-फॅक्टर (वाकताना न ताणणारी रेषा जाडीत किती आत आहे त्याचं प्रमाण) ०.४२ धरला तर दर ९० अंशाच्या बेंडमागे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून २.२५ मिमी वजा करायचे. यू आकाराच्या तुकड्यात दोन बेंड, म्हणजे हिशोब विसरलात तर डबा साडेचार मिमीने मोठा. के-फॅक्टरवर वाद घालण्यापेक्षा त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी पट्टी वाकवून घ्या, दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०२.२५ आली तर आकडा बरोबर, १०२.६ आली तर वजावट २.६. भोकाची कड बेंडच्या आतल्या रेषेपासून साडेचार मिमीच्या आत आली तर भोक अंडाकृती होतं. कड निदान १० मिमी वळवा. तळ, पुढची आणि मागची भिंत मिळून एक यू, झाकण आणि दोन्ही कुशी (बाजूच्या भिंती) मिळून दुसरा. याहून गुंतागुंतीच्या आकारात बेंडिंगचं हत्यार आत शिरत नाही. दोन यूमध्ये दर बाजूला अर्धा मिमी फट ठेवा, कोटिंग तिथेही चढणार आहे.

जाळीला गोल भोकांऐवजी षटकोन घ्या. ४ मिमी गोल भोकं ५.५ अंतरावर ठेवली तर ४८ टक्के जागा उघडी राहते आणि ९२ मिमीच्या वर्तुळात सुमारे २५० भोकं लागतात. ६ मिमी षटकोन, मधली पट्टी १.५: उघडी जागा ६४ टक्के, भोकं १३६ च्या आसपास. लेझरचं बिल कमी आणि पातळ पत्रा उष्णतेने कमी वाकडा होतो.

अर्थिंगवर घाई करू नका. कोटिंग विजेला अडवतं, त्यामुळे रंगवलेले दोन यू स्क्रूने जोडले तरी एकमेकांपासून तुटलेले असू शकतात. सॉकेटची अर्थ वायर तळाला, कोरा धातू ठेवलेल्या जागी, दातेरी वॉशरखाली घट्ट करा. झाकणाच्या एका स्क्रूखालीही कोटिंग मास्क करा. मग मल्टिमीटरने सॉकेटच्या अर्थ पिनपासून झाकणापर्यंत मोजा, एक ओहमच्या बरंच खाली यायला हवं. हे न तपासता प्लग लावू नका.

कोटिंगला देण्याआधी कोऱ्या पत्र्यात सगळं जोडून अर्धा तास पूर्ण लोड द्या. हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणतात, पण बोर्डावरच्या त्याच्या सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत ओढतो आणि ९५ अंशांना वेग कमी करतो. बायोसमध्ये ४५ वॉटचा इको मोड लावला तर मर्यादा ६१ वॉट होते, आणि एवढ्या डब्यात मे महिन्यासाठी तोच योग्य. आता झाकण काढून पुन्हा चालवा. तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं, तर कूलर कमी पडत नाही, पंखा डब्यातलीच तापलेली हवा पुन्हा ओढतोय. पंखा आणि झाकण यांच्यातल्या ५ मिमी फटीत फोमची ९२ मिमीची कडी बसवा म्हणजे तो फक्त जाळीतून हवा घेईल, आणि कुशींच्या खालच्या बाजूला हवा बाहेर जायला जाळी वाढवा. त्या वाढीव जाळीसाठी पत्रा अजून कोरा असतो, म्हणून ही चाचणी रंगाआधीच.