कॉन्फेडरेट (अमेरिकेच्या यादवी युद्धात वेगळ्या झालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या) टपाल तिकिटांवरच्या छपाईतल्या दुर्मीळ व्हरायटी कशा ओळखाव्यात आणि संग्रह कुठून सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन लिलावातून पाच सेंटच्या हिरव्या तिकिटांचा छोटा लॉट घेतला, त्यातल्या एकावर कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिसच्या गालाशेजारी पांढरा ठिपका आहे, आणि ही दुर्मीळ व्हरायटी आहे का. खरं सांगायचं तर एका तिकिटावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. तोच ठिपका, त्याच आकाराचा, त्याच जागी दुसऱ्या एखाद्या तिकिटावर सापडला तर ती व्हरायटी. नाहीतर छापताना कागद आणि छपाईच्या दगडाच्या मध्ये आलेला कचरा. या छंदातलं बाकीचं सगळं या कसोटीवर उभं आहे, म्हणून ती तिकिटं छापली कशी हे आधी सांगतो. ते समजलं की कॅटलॉगमधल्या किमती आपोआप उलगडतात.

१८६१ च्या मार्चमध्ये टेक्ससचे जॉन रेगन कॉन्फेडरेट सरकारचे पोस्टमास्टर जनरल झाले आणि १ जूनपासून त्यांनी दक्षिणेतलं टपाल आपल्या ताब्यात घेतलं. अडचण अशी की पोलादावर कोरीवकाम करून तिकिटं आणि नोटा छापणाऱ्या मोठ्या कंपन्या सगळ्या उत्तरेत. तिकिटं येईपर्यंत गावोगावच्या पोस्टमास्तरांनी आपापली तात्पुरती तिकिटं काढून वेळ भागवली. शेवटी सरकारी काम रिचमंडच्या हॉयर अँड लुडविग या शिळाप्रेसवाल्यांकडे गेलं आणि १८६१ च्या ऑक्टोबरात पाच सेंटचं हिरवं तिकीट बाहेर पडलं. म्हणजे तुमच्या हातातली तिकिटं दगडावरून छापलेली आहेत, आणि सगळी गंमत त्या दगडात आहे.

मूळ चित्र एकच असायचं. त्याचे पन्नास ठसे खास कागदावर काढून ते एका मधल्या दगडावर उतरवायचे, दहा-दहाच्या पाच ओळींत. हा ट्रान्स्फर स्टोन. मग त्या पन्नासांच्या गटाचे ठसे चार वेळा काढून छपाईच्या मोठ्या दगडावर बसवायचे. असं दोनशे तिकिटांचं ताव तयार व्हायचं, शंभर-शंभरचे दोन भाग. आता बघा काय होतं ते. ट्रान्स्फर स्टोनवर एखाद्या जागी ओरखडा पडला किंवा रेघ तुटली, तर तो दोष प्रत्येक तावात चार वेळा उमटणार. दोष थेट छपाईच्या दगडावर पडला असेल, तर तावात एकदाच. कापड छापणाऱ्याच्या लाकडी ठशाचा कोपरा उडाला की पुढच्या प्रत्येक फुलाची तीच पाकळी तुटकी येते, तसंच हे. म्हणून नुसती ‘चूक’ सापडली यावर खूश होऊन थांबायचं नाही. ती नेमक्या कुठल्या टप्प्यावर झाली हे शोधायचं. तिकीट किती दुर्मीळ आहे ते तिथे ठरतं.

१८६२ च्या सुरुवातीला याच पाच सेंटचा रंग हिरव्याचा निळा झाला. त्या निळ्या तिकिटावर संग्राहकांची लाडकी ‘फ्लाइंग बर्ड’ आहे: डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या नक्षीच्या जरा वर, उडत्या पक्ष्यासारखा दिसणारा एक डाग. पन्नासांच्या गटातली जागा क्रमांक १९, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं नववं तिकीट. क्रमांक ३३ वर ‘सेंट्स’ मधल्या सी आणि ई या अक्षरांची डोकी एका डागाने जोडली गेलीत. दोन्ही भिंगाशिवायही दिसतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. थॉमस जेफरसनच्या दहा सेंटच्या निळ्या तिकिटाची गोष्ट वेगळी. तिथे छपाईच्या दगडावरच ओरखडा गेला आणि तो शेजारशेजारच्या चार तिकिटांवरून सरकत जातो: ३९, ४०, ४८ आणि ४९. तावाच्या दोनपैकी एकाच भागात. या चारांतलं एकेक तिकीट सुटं पाहिलं तर कुणी तरी नखाने खरवडलंय असं वाटतं. चौघं एकत्र, मूळच्या जागी ठेवली की एका तिकिटावरून दुसऱ्यावर जाणारी ती रेघ जुळते. असा जुळणारा संच पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ भिंग खाली ठेवलं नव्हतं.

दगडी छपाईचा दर्जा रेगन यांना मुळीच पसंत नव्हता. म्हणून पाच सेंटचं नवं काम लंडनच्या दे ला रू कंपनीला दिलं गेलं. (आपल्याकडची व्हिक्टोरिया राणीची तिकिटं १८५५ पासून याच कंपनीने छापली, त्यामुळे भारतीय तिकिटं जमवणाऱ्याला या कामाची सफाई ओळखीची वाटेल.) १८६२ च्या वसंतात उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून तिकिटं आली, आणि छपाईच्या प्लेटाही आल्या. मग त्याच प्लेटांवरून रिचमंडमध्ये आर्चर अँड डेली या छापखान्याने छपाई केली. लंडनचं तिकीट पातळ, तकतकीत कागदावर, रेघ न रेघ स्वच्छ. रिचमंडचं त्याच चित्राचं तिकीट जाडसर कागदावर, शाई कुठे गच्च तर कुठे फिकी. पैसे न दवडता डोळा तयार करायचा असेल तर ही दोन तिकिटं शेजारी ठेवून पाहत बसा. रिचमंडच्या छपाईत दोन गोष्टी शोधण्यासारख्या आहेत. एक, ‘व्हाइट टाय’: डेव्हिसच्या गळ्यातला टाय काळपट असतो तिथे पांढरा. प्लेट चारशेची, शंभराचे चार भाग; हा दोष उजव्या वरच्या भागातल्या तिसाव्या तिकिटावर, म्हणजे चारशेत एक. दुसरी, कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापलेली तिकिटं.

लंडनहून एक सेंटचं नारिंगी तिकीटही आलं, पण १ जुलै १८६२ पासून पत्राचा दर अंतर कितीही असो दहा सेंट झाला आणि ते कधी वापरातच आलं नाही. त्यावर जॉन कॅल्हूनचं चित्र आहे. याच माणसाने १८३७ साली सिनेटमध्ये उभं राहून गुलामगिरी ही हितकारक गोष्ट आहे असं म्हटलं होतं. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. ही तिकिटं माणसांना मालमत्ता मानणाऱ्या, आणि ती मालमत्ता टिकवण्यासाठी लढणाऱ्या राजवटीची आहेत. संग्रहाच्या पानावर छपाईची माहिती लिहितो तशी मी हीही माहिती लिहितो. पाहुण्यांना अल्बम दाखवताना हा विषय टाळू नये असं माझं ठाम मत आहे. आपला संबंधही अगदी दूरचा नाही: याच युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला आलेली तेजी १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळली.

आता ज्याच्यावर सगळ्यांची नजर असते ते १८६३ चं दहा सेंटचं निळं ‘फ्रेम लाइन’. हे कोरीव छपाईचं. प्लेट तांब्याची, शंभर तिकिटांची. चित्र सरळ बसावं म्हणून प्लेटवर आधी रेघा आखल्या होत्या आणि त्या तशाच छापल्या गेल्या. दोन शेजारच्या तिकिटांत मिळून रेघ एकच. त्यामुळे एका तिकिटाला चारही बाजूंनी पूर्ण रेघ हवी असेल तर कात्री चारही शेजाऱ्यांच्या हद्दीत घुसली पाहिजे. शेजाऱ्यांच्या वाट्याला मग रेघ उरत नाही. त्यातून रेघा ठिकठिकाणी फिक्या आहेत. चार पूर्ण रेघांचं तिकीट इतकं महाग का, ते एवढ्यावरून कळेल. त्या रेघांची जाडी, तुटकेपणा, कोपऱ्यात एकमेकींना ओलांडणं प्रत्येक जागी वेगळं असल्याने अभ्यासकांना शंभरच्या शंभर जागा ओळखता येतात.

आणि म्हणूनच फसवणूकही इथेच जास्त. फ्रेम लाइनचं चित्र आणि त्याच दहा सेंटच्या रेघा नसलेल्या साध्या ‘टाइप एक’ चं चित्र एकच आहे, फरक फक्त बाहेरच्या रेघांचा. टाइप एकचं ऐसपैस कडांचं तिकीट घ्यायचं आणि बारीक निबाने रेघा ओढायच्या, की झालं. कोरीव छपाईची शाई कागदावर किंचित उठून राहते. पेनाची शाई कागदात मुरते. तिरप्या उजेडात, निदान दहापट भिंगाखाली हे दिसतं. टाइप दोन मात्र यात वापरता येत नाही, कारण तिथे कोपऱ्यातल्या नक्षीच्या बाहेरून वळणावळणाने जाणारी एक जादा बारीक रेघ आहे. ती ओळखायला शिका. दोन्ही टाइपांची फार थोडी तिकिटं साडेबाराच्या मापाने (दोन सेंटीमीटरमध्ये साडेबारा) छिद्रं पाडून निघाली होती. बाजारात छिद्रंवाली म्हणून जी दिसतात त्यांतल्या बऱ्याच तिकिटांची छिद्रं नंतर पाडलेली असतात. आणखी एक: १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डहून कॉन्फेडरेट तिकिटांच्या नकला ढिगाने विकल्या गेल्या. जुन्या अल्बमांतून त्या अजून बाहेर पडतात, आणि स्वस्त लॉटमध्ये तर हमखास.

सुरुवात कुठून करावी? माझं मत विचाराल तर फ्रेम लाइनच्या वाटेला सध्या जाऊ नका. पाच सेंटचं हिरवं आणि निळं, दगडी छपाईचं, हे दोनच घ्या. कापाकापीत कड गेलेली, चुरगळलेली, मागून पातळ झालेली तिकिटं घ्या. दिखाऊ संग्राहक त्यांना हात लावत नाहीत, त्यामुळे ती परवडतात, आणि दोष अभ्यासायला ती तितकीच चांगली. शिक्का जड नसावा एवढंच पाहा. काळ्या शाईखाली पक्षीही दिसत नाही आणि ओरखडाही.

सुट्या तिकिटांपेक्षा जोड्या घ्या. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी नवे लोक ऐकत नाहीत, म्हणून जरा खोलात सांगतो. समजा एका आडव्या जोडीत उजवं तिकीट ‘फ्लाइंग बर्ड’ आहे. ते १९, म्हणजे डावं १८ असणारच, मग त्यावर ठळक काही असो वा नसो. आता त्या डाव्या तिकिटाकडे भिंगातून शांतपणे पाहा: एखादा टिंब, तुटकी रेघ, अक्षराचा वाकडा पाय. ती खूण कागदावर लिहून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या जोडीत तीच खूण उजवीकडे दिसली, की तिच्या डावीकडचं १७. उभी जोडी मिळाली तर १९ च्या खाली २९. असं एकेक घर भरत पन्नासांचा पट उभा राहतो. याला प्लेटिंग म्हणतात. पट भरायला वर्षं लागतात, पण पहिली तीन-चार घरं स्वतःच्या डोळ्यांनी भरली की इतरांच्या याद्यांवर अवलंबून राहायची गरज कमी होते. यासाठी प्रत्येक तिकिटाचा निदान ६०० डीपीआयला स्कॅन काढा, सगळे स्कॅन एकाच मापाचे ठेवा, आणि गाल, टाय, चारही कोपरे, अक्षरं या क्रमाने तपासा. तुमच्या लॉटमध्ये एखादी जोडी असेल तर तिचा स्कॅन इथे टाका. आपण मिळून पाहू.

लिफाफ्यावर चिकटलेलं तिकीट मात्र कधीही पाण्यात टाकून काढू नका. युद्धात कागद इतका दुर्मीळ झाला की लोकांनी भिंतीला लावायच्या छापील कागदाचे, जुन्या पावत्यांचे, हिशेबाच्या पानांचे लिफाफे केले. तो लिफाफा, त्यावरचा गावाचा शिक्का आणि तारीख यांमुळेच त्या दगडावरून कधी छपाई चालू होती हे कळतं. तिकीट वेगळं केलं की हा पुरावा कायमचा गेला.

या विषयाचा पाया घालणारे ऑगस्ट डाएट्झ हे रिचमंडचे मुद्रक होते. स्वतः छापखान्यात वाढलेला माणूस असल्यामुळे दगड आणि शाई काय करू शकते हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांचा १९२९ चा जाडजूड ग्रंथ आजही उघडावा लागतो. अस्सलपणाच्या प्रमाणपत्राबद्दल विचाराल, तर स्वस्त तिकिटांना ते काढत बसू नका, तिकिटापेक्षा फी जास्त होईल. पण फ्रेम लाइन, छिद्रंवालं किंवा दोन्ही बाजूंनी छापलेलं तिकीट प्रमाणपत्राशिवाय विकत घेऊ नका, विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी. न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन ते देते. आणि १९३५ साली सुरू झालेली कॉन्फेडरेट स्टॅम्प अलायन्स, जी आता सिव्हिल वॉर फिलाटेलिक सोसायटी या नावाने ओळखली जाते, तिचा तर हाच विषय आहे.