मिथाइलचे तीन पीक कुठून आले?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी एआयबीएन हा रॅडिकल इनिशिएटर (साखळी सुरू करणारा पदार्थ) टाकून पीएमएमए (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक) बनवलं. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल दाखवणारी चाचणी) मुख्य साखळीवरच्या मिथाइलचा एकच पीक, म्हणजे सिग्नलचा एकच उंचवटा, येईल असं वाटलं होतं, पण ०.८५, १.०२ आणि १.२ पीपीएमच्या आसपास तीन आलेत, तेही पसरट. शुद्ध करायला मेथनॉलमध्ये दोनदा पाडून (साका करून) बघितलं, काही फरक नाही. नेमकी कुठली इम्प्युरिटी राहिली असेल?

उत्तर: तिसऱ्यांदा पाडू नका, उगाच सॅम्पल वाया जाईल. इम्प्युरिटी नाहीये ती, तुमच्या साखळीचीच ठेवण दिसतेय. होतं काय की प्रत्येक युनिटमध्ये एकाच कार्बनवर मिथाइल आणि एस्टर दोन्ही बसलेत, आता साखळी सरळ ताणून धरलीय असं समजा, तर कुठे मिथाइल पुढे आणि एस्टर मागे आणि कुठे बरोबर उलटं. शेजारशेजारची दोन युनिटं सारखी असतील तर त्या जोडीला एम म्हणतात, उलटी असतील तर आर. लागोपाठची तीन युनिटं घ्या आणि मधल्याकडे बघा. दोन्ही शेजारी त्याच्यासारखेच तर एमएम, दोन्ही उलटे तर आरआर, एक असा एक तसा तर एमआर. शेजार बदलला की मधल्या मिथाइलची शिफ्ट (पीकची जागा) बदलते: आरआर ०.८५ ला, एमआर १.०२ ला, एमएम १.२ ला. बोवी आणि टायर्स या संशोधकांनी १९६० मध्येच हे पीएमएमएवर दाखवलंय.

आता इंटिग्रल, म्हणजे प्रत्येक पीकखालचं क्षेत्रफळ, काढा. समजा आरआर ६०, एमआर ३५ आणि एमएम ५ टक्के आले, रॅडिकल पॉलिमरला साधारण असंच येतं. मग एम जोड्या म्हणजे ५ अधिक ३५ चे निम्मे, २२.५ टक्के. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे ठरत असेल तर लागोपाठ दोन एम यायची शक्यता ०.२२५ चा वर्ग, साधारण ०.०५, म्हणजे एमएम ५ टक्के यायला हवं, आणि आलंयच की! याचा अर्थ नवं युनिट जोडलं जाताना आधीची जोडी कशी होती याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. गाईडना हा हिशोब दाखवा, मला तरी तो जुळताना बघायला अजून मजा येते.

पसरटपणाचं म्हणाल तर एवढी लांब साखळी सोल्युशनमध्ये हळू फिरते, सिग्नल पटकन विरतो आणि रेषा रुंद होते. ट्यूबमध्ये पॉलिमर कमी घाला, तापमान थोडं वाढवा, जरा बरं दिसेल.

खरंच मोनोमर (साखळीत न जोडलेलं सुटं युनिट) राहिलाय का बघायचं तर ५.६ आणि ६.१ पीपीएमला तपासा. आणि १.५६ ला बारीक टोकदार काही दिसलं तर ते ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममधलं (ज्यात सॅम्पल विरघळवतात तो द्रव) पाणी, इंटिग्रलमध्ये धरू नका.